सत्काराच्या पलीकडे : तरुण अपंग कलावंत आणि आपली समीक्षा

आजचा विषय थोडा अवघडल्यासारखं करणारा आहे. कार्यक्रमाला गेलो की ज्याला आपण सगळे एकमुखाने टाळ्या वाजवतो आणि घरी आल्यावर ज्याबद्दल एक ओळही लिहीत नाही, असा हा विषय. तरुण अपंग कलावंतांचं काम, आणि ते लोकांसमोर मांडण्याची आपली रीत.

शब्दाचं आधी उरकून टाकू. सरकारी कागदावर ‘दिव्यांग’ आहे, घरातल्या थोरांच्या तोंडी ‘अपंग’ आहे, काहींना ‘विकलांग’ बरा वाटतो. आम्ही आज ‘अपंग’ म्हणणार आहोत. कारण ‘दिव्य’ म्हटलं की काम तपासून बघायची सोयच उरत नाही. प्रसादाचा शिरा गोड झाला नाही असं कोणी म्हणतं का?

आता ३ डिसेंबरचा, म्हणजे जागतिक अपंग दिनाचा, कुठलाही कार्यक्रम डोळ्यांसमोर आणा. दीपप्रज्वलन, शाल, श्रीफळ, पाहुण्यांची तीन भाषणं. मुलांची चित्रं बाहेरच्या पॅसेजमध्ये, थर्माकोलच्या पाट्यांवर टाचणीने लावलेली. प्रत्येक चित्राखाली चिठ्ठी : नाव, वय, अपंगत्वाचा प्रकार. कधी कधी टक्केवारीसुद्धा! चित्राचं माध्यम लिहिलेलं नसतं, आकार नसतो, किंमत तर नसतेच. म्हणजे चित्राखाली जी माहिती हवी ती गायब आणि दवाखान्याच्या केसपेपरवर जी हवी ती हजर. चित्र बघायच्या आधीच बघणाऱ्याला सांगून टाकलेलं असतं, की तुमचं काम आता फक्त भारावून जाण्याचं आहे.

आमचं म्हणणं असं, की सोळा ते पंचवीस या वयातल्या कलावंताला व्यासपीठाच्या आधी असा माणूस लागतो, जो त्याच्या कामाशी भांडेल. हे इथे जमलंय, तिथे घाई केलीस, हा रंग पुन्हा बघ. धडधाकट विद्यार्थ्याला हे कला महाविद्यालयात रोज ऐकायला मिळतं, कधी कधी नको तितकं. अपंग विद्यार्थ्याच्या वाट्याला येतं ते ‘वा, छान!’ आणि त्या ‘छान’चा अर्थ असतो, ‘तुझ्या मानाने छान’.

यावर एक जुनं उदाहरण घेऊ आणि त्यावर जरा रेंगाळू. विनोदविहारी मुखर्जी. जन्म १९०४. लहानपणापासून एका डोळ्याने दिसत नव्हतं, दुसऱ्याने अगदी जवळचंच दिसायचं. पंधराव्या वर्षी, १९१९ मध्ये, शांतिनिकेतनात नुकत्याच सुरू झालेल्या कलाभवनात हा मुलगा दाखल झाला. नंदलाल बसूंना शंका होती, की ज्याला नीट दिसत नाही तो चित्रकला कशी शिकणार? सांगतात असं, की रवींद्रनाथांनी एवढंच विचारलं, मुलगा मन लावून बसतो का? बसत असेल तर बसू दे.

हा किस्सा आपल्याकडे नेहमी थोरांच्या मोठ्या मनाचा दाखला म्हणून सांगतात. पण नीट बघा, रवींद्रनाथांनी शाल दिली नाही. वर्गात जागा दिली. पुढे १९२५ पासून विनोदविहारी तिथेच शिकवू लागले. त्यांना ग्रंथालय मिळालं, सोबती मिळाले, १९३७ मध्ये ते जपानला जाऊन आले. आणि मुख्य म्हणजे भिंती मिळाल्या. १९४० मध्ये वसतिगृहाचं छत, मग चीन भवन, आणि १९४६-४७ मध्ये हिंदी भवन. आधार म्हणतात तो हा. वीसेक वर्षं एकाच जागी राहून चुकत, सुधारत काम करायची मुभा. एका दिवसाच्या प्रदर्शनातून ती कशी मिळणार?

हिंदी भवनाचं भित्तिचित्र तर आपण समीक्षक म्हणून बघायलाच हवं. विषय मध्ययुगीन संतांचा. खोलीच्या तीन भिंतींच्या वरच्या अर्ध्या भागावर माणसांची एक लांबच लांब रांग सरकत जाते. त्यात कबीर आहेत, सूरदास आहेत, तुलसीदास आहेत, पण त्यांना आजूबाजूच्या माणसांतून उचलून वेगळं काढलेलं नाही. सगळं ओल्या गिलाव्यावर, आणि पूर्ण आकाराचा आराखडा भिंतीवर न उतरवता. ज्यांनी हे माध्यम हाताळलंय त्यांना कळेल यात काय जोखीम आहे ती. गिलावा वाळायच्या आत रंग द्यायचा, सकाळी चुकलं तर संध्याकाळी खोडता येत नाही. आणि हे करणाऱ्या माणसाला पूर्ण भिंत एका नजरेत दिसतच नाहीये.

इथे मोह होतो, की चित्राची ही सरकती रचना त्या अधू नजरेतूनच आली असं म्हणून मोकळं व्हावं. जवळचं तेवढं दिसतं, म्हणून तुकड्याला तुकडा जोडत जाणं. थोडं खरं असेलही. पण तेवढ्यावर थांबणं आम्हाला आळशीपणाचं वाटतं. या माणसाने जपानी गुंडाळीचित्रं अभ्यासली होती, भारतीय कथनचित्रांची परंपरा त्याला ठाऊक होती. चित्र चालत चालत वाचायचं असतं हा त्याने विचार करून घेतलेला निर्णय आहे. डोळा अधू होता हे एक कारण, अभ्यास हे दुसरं, आणि ही दोन्ही कारणं चित्रात कशी एकमेकांत मिसळली ते शोधणं हे समीक्षेचं काम. नुसतं ‘दृष्टी नसूनही’ म्हटलं, की त्या अभ्यासाचं श्रेय आपण नशिबाला देऊन टाकतो.

पुढे १९५७ मध्ये, डोळ्यांच्या शस्त्रक्रियेनंतर, उरलीसुरली नजरही गेली. ते परत कलाभवनात आले, कलेचा इतिहास शिकवू लागले, कागद कापून चिकटचित्रं करू लागले. सत्यजित राय त्यांचे विद्यार्थी. १९७२ मध्ये रायनी त्यांच्यावर ‘द इनर आय’ हा छोटा माहितीपट केला. त्यात अंध विनोदविहारी कागदाला घड्या घालून माणसांचे आकार करतात आणि त्यावरून फरशांचं भित्तिचित्र उभं राहतं, हे दिसतं. आता आम्ही एक बोलतो, रागावू नका. या काळातली सगळी चित्रं सारख्या ताकदीची नाहीत. काही कागदचित्रांत आकार नुसते शेजारीशेजारी बसलेत, त्यांच्यात ओढ नाही. फरशांच्या भित्तिचित्रात मात्र घडीची कडकडीत कड माणसाच्या अंगात उतरलीय, आणि तिथे हात डोळ्याची नक्कल करत नाही, स्वतःचं काहीतरी म्हणतो. असा फरक करता येतो म्हणूनच त्यांना चित्रकार म्हणण्यात अर्थ आहे.

आता जरा जवळ, मुंबईत येऊ. सुधा चंद्रन. १९८१ मध्ये, ऐन सोळाव्या-सतराव्या वर्षी अपघात झाला, पाय गमवावा लागला. जयपूर फूट बसवून १९८४ मध्ये त्या पुन्हा रंगमंचावर आल्या. मग तेलुगूत ‘मयूरी’, आणि १९८६ मध्ये हिंदीत ‘नाचे मयूरी’. चित्रपटात त्यांनी स्वतःचीच भूमिका केली. आपल्यातल्या किती जणांनी तो बघून डोळे पुसलेत! पण चित्रपटाची सगळी धाव नर्तकी परत उभी राहण्याकडे आहे. नर्तकीचा खरा प्रश्न तिथून पुढे सुरू होतो. अरमंडीत बसल्यावर वजन दोन पायांवर कसं वाटायचं? अनवाणी तळव्याच्या थापेचा आवाज आणि रबरी पायाच्या थापेचा आवाज सारखा येतो का, नसेल तर तालात त्याचं काय करायचं? जयपूर फूट हा अनवाणी चालता यावं, उकिडवं बसता यावं, म्हणून घडवलेला पाय आहे. म्हणजे भरतनाट्यमशी त्याची सांगड घालून बघण्यासारखं पुष्कळ होतं. हे प्रश्न नृत्यसमीक्षकाने विचारायचे असतात. आपण मात्र जिद्द या एकाच शब्दावर चाळीस वर्षं काढली.

नाटकात तीच गोष्ट. दिग्दर्शक स्वागत थोरात यांनी अंध कलाकारांना घेऊन मराठी रंगभूमीवर सातत्याने काम केलंय. त्यांच्या ‘अपूर्व मेघदूत’मध्ये एकोणीस अंध कलाकार आहेत. अंध कलाकारांचं कुठलंही नाटक बघून बाहेर पडताना हमखास कानावर येणारं वाक्य कोणतं? ‘अहो, आंधळे आहेत असं वाटतच नाही!’ बोलणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण या कौतुकाची अट बघा. तू डोळस दिसलास म्हणून चांगला.

आणि इथे तर मेघदूत आहे. यक्ष रामगिरीवरून, म्हणजे आपण ज्याला रामटेक मानतो तिथून, मेघाला अलकेची वाट सांगतो. वाट सांगायची म्हणजे दिसणाऱ्या गोष्टी सांगायच्या : डोंगर, नद्या, नगरं, रंग. ते सगळं आता अशा मुखातून येतंय ज्याने यातलं बरंचसं कधी पाहिलेलं नाही. मग रंगाच्या शब्दाचं काय होतं? की पहिल्या पावसाने भिजलेल्या मातीचा वास आणि मेघाचा गडगडाट, जे कालिदासात आहेतच, ते पुढे येऊन उभे राहतात? प्रयोग याकडे जातो, की दिसण्याचा अभिनय करतो? हे विचारणं म्हणजे त्या एकोणीस जणांना नट म्हणून वागवणं. पावलं मोजून, सोबत्याच्या आवाजाच्या दिशेने जागा घेणं हे कष्टाचं आहे, त्याला मान आहेच. पण तालमीतल्या कष्टाचे गुण आपण एरवी कुठल्या नटाला प्रयोगात देतो?

हे सगळं प्रेक्षकाला तोंडावर सुनावणारं एक नाटक ऑस्ट्रेलियात झालं. आणि त्याचा नायक कोण, तर आपला गणपती! जिलाँग गावातली ‘बॅक टू बॅक थिएटर’ ही संस्था १९८७ पासून काम करतेय. तिचे नट बौद्धिक किंवा तशा प्रकारच्या अपंगत्वासह जगणारे, आणि पगारी व्यावसायिक. ब्रूस ग्लॅडविन यांच्या दिग्दर्शनाखाली त्यांनी २०११ मध्ये ‘गणेश व्हर्सेस द थर्ड राइश’ केलं. गणपती स्वस्तिक परत आणायला हिटलरच्या जर्मनीत जातो, अशी कथा. काही हिंदू संघटनांनी आधीच आक्षेप घेतला होता. पण नाटकाचा निम्मा जीव त्या कथेत नाहीच, तो तिच्या तालमीत आहे. तालीम घेणारा धडधाकट दिग्दर्शक हळूहळू दादागिरीवर येतो. नट आपसांत वाद घालतात, की आपल्यातल्या एकाला हे खोटं-खरं कळतंय का, आणि नसेल तर त्याला इथे उभं करणं बरोबर आहे का. एका क्षणी तो दिग्दर्शक रिकाम्या समजलेल्या खुर्च्यांकडे बोट करून म्हणतो, की तुम्ही इथे विचित्र माणसं बघायला आलात. खुर्च्यांत अर्थातच आपण बसलेले असतो. शेवटी लपाछपीच्या निमित्ताने तो एका नटाला टेबलाखाली लपायला सांगतो आणि निघून जातो. नट लपूनच राहतो.

आम्हाला हे नाटक मोठं वाटतं ते त्याच्या धिटाईमुळे. आपल्या कलाकारांना वापरलं जातंय का, हा प्रश्न त्याने समीक्षकासाठी शिल्लक ठेवला नाही, स्वतःच मंचावर मांडला. या संस्थेला २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय इब्सेन पुरस्कार मिळाला. जगातल्या कुठल्याही नाटक मंडळीला मिळू शकतो तोच पुरस्कार, अपंगांसाठीच्या वेगळ्या गटातला नव्हे.

कोणी म्हणेल, इतकी कडक नजर कोवळ्या पोरांवर कशाला? आधी त्यांना उभं तर राहू द्या. म्हणणं रास्त आहे, पहिल्या वर्षाच्या मुलावर वर्तमानपत्रातून कोणी तलवार चालवत नाही. पण पहिल्या प्रदर्शनाला ‘छान’, पाचव्यालाही ‘छान’, आणि सहावं होतच नाही, हा प्रकार जास्त निर्दय आहे.

आता व्यवहाराचं. २०१६ चा अपंग व्यक्ती हक्क कायदा आहे. त्यातलं कलम २९ सहसा कोणी वाचत नाही. अपंग कलावंतांना आणि लेखकांना सुविधा, आधार आणि प्रायोजकत्व द्यावं असं त्यात आहेच. शिवाय एक फार मोलाची ओळ आहे : कला आणि संस्कृती विषयांचे अभ्यासक्रम अपंगांना सहभागी होता येईल अशा रीतीने नव्याने आखावेत. शाल-श्रीफळाचा उल्लेख कायद्यात नाही.

हे नव्याने आखणं कुठून सुरू करायचं? आमच्या मते एलिमेंटरी-इंटरमिजिएटपासून. महाराष्ट्रातली चित्रकलेकडे वळणारी बहुतेक मुलं या रेखाकला परीक्षांच्या दारातून जातात. वस्तुचित्राचा पेपर आठवा. मध्ये टेबलावर कळशी, वाटी, एखादं फळ, आणि मुलं भोवती बाकांवर. एका डोळ्याने जेमतेम दिसणारा पंधरा वर्षांचा विनोदविहारी आज त्या बाकावर बसला तर त्याला टेबलावर काय आहे हेच कळणार नाही. लेखनिक देऊन इथे काही साधत नाही. त्याला टेबलापाशी जाऊ द्यायचं का? कळशी हातात घेऊन, फिरवून, चाचपून मग काढू द्यायची का? आणि मग तपासणाऱ्याने यथादर्शन मोजायचं, की कळशीचं पोट त्या रेषेत आलंय का ते बघायचं? इथे बरेच कलाशिक्षक ऐकत आहेत. प्रश्नोत्तरांत आम्हाला आधी तुमच्याकडून ऐकायचंय, की तुमच्या वर्गात असं मूल आलं तेव्हा तुम्ही त्याला कुठे बसवलंत आणि गुण कशावर दिलेत.