काळोख आणि कुळकथा

घरातील कपाटात कोणती पुस्तके असावीत, असा प्रश्न पालक धर्मगुरूंना वरचेवर विचारतात. संतचरित्रे आणि कौटुंबिक आठवणी निर्धोक, तर पाप, व्यसन, वेड यांचे चित्रण करणाऱ्या कादंबऱ्या मुलांपासून दूर ठेवाव्यात, अशी त्यामागे साधारण समजूत असते. ही विभागणी आम्हांला मान्य नाही. ती का, हे पाच पुस्तकांच्या आधारे येथे मांडीत आहोत.

ग्रॅहम ग्रीन यांची ‘द पॉवर अँड द ग्लोरी’ ही कादंबरी १९४० साली प्रसिद्ध झाली. मेक्सिकोतील तबास्को प्रांतात चर्चचा जो छळ झाला, त्याची ही पार्श्वभूमी. ग्रीन १९३८ साली तेथे जाऊन आले होते. कादंबरीचा नायक दारूच्या आहारी गेलेला एक निनावी धर्मगुरू आहे. त्याला एक मुलगीही आहे. शेजारच्या प्रांतात सुखरूप पोहोचल्यावर मरणासन्न गुन्हेगाराला अंतिम संस्कार देण्यासाठी तो मागे फिरतो. हा सापळा आहे हे त्याला कळते, तरी तो जातो आणि गोळ्यांना बळी पडतो. १९५३ साली रोमच्या होली ऑफिसने या पुस्तकावर आक्षेप घेतला होता. १९६५ साली मात्र पोप सहावे पॉल यांनी ग्रीन यांना भेटीत, त्याची चिंता करू नये, असे सांगितले.

या कादंबरीत एक आई आपल्या मुलांना एका तरुण हुतात्म्याचे गुळगुळीत चरित्र वाचून दाखवीत असते. मुलगा कंटाळतो, त्याला पिस्तूलवाला लेफ्टनंट अधिक आवडतो. त्या दारुड्या धर्मगुरूच्या मृत्यूनंतर मात्र हाच मुलगा रात्री दार उघडून नव्या धर्मगुरूला घरात घेतो. निर्दोष चरित्राने जे साधले नाही, ते एका सदोष माणसाच्या मरणाने साधले. आमच्या मते कादंबरीचा सारा आशय या उपकथेत आहे.

शुसाकु एंडो यांची ‘सायलेन्स’ (१९६६) याहून कठीण. सतराव्या शतकातील जपानमध्ये गावकऱ्यांचे हाल थांबावेत म्हणून एक येशूसंघीय धर्मगुरू ख्रिस्ताच्या प्रतिमेवर पाय ठेवतो. त्याची कृती लेखकाने इतक्या सहानुभूतीने रंगविली आहे की, ज्यांनी समुद्रात बांधून घेऊन प्राण दिले त्यांचे हौतात्म्य वाचकाला व्यर्थ वाटू शकेल. येथे आम्ही एंडो यांच्याशी सहमत नाही. परंतु पुन्हा पुन्हा विश्वासघात करून पुन्हा पुन्हा पापनिवेदनाला येणारा किचिजिरो आम्हां धर्मगुरूंना बरेच काही शिकवतो.

आता घराकडे वळू. जेरी पिंटो यांच्या ‘एम अँड द बिग हूम’ (२०१२) या कादंबरीत माहीमच्या एका लहानशा घरात राहणारे गोवन कॅथोलिक कुटुंब आहे. आई मनोविकाराने ग्रस्त. तिने जीव देण्याचे प्रयत्नही केले आहेत. मुलगा हे विनोदाच्या आधाराने, पण काही न झाकता सांगतो. शांता गोखले यांनी हे पुस्तक मराठीत आणले आहे. ज्या घरांत असा आजार कुजबुजीचा विषय असतो, त्यांनी ते अवश्य वाचावे. गंभीर मनोविकाराने अशा कृत्याची जबाबदारी उणावते, हे १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथातही म्हटले आहे.

मारिया आवरोरा कौतो यांनी १९८८ साली ग्रीन यांच्यावर समीक्षाग्रंथ लिहिला आणि २०१३ साली ‘फिलोमेनाज जर्नीज’ हा स्वतःच्या आईवडिलांचा इतिहास. मडगावच्या प्रतिष्ठित घराण्यातील वडील, त्यांची संगीताची देणगी आणि त्यांना गिळणारी दारू. सात मुलांना धारवाडला वाढविणारी आई. मुलगी वडिलांचे व्यसन लपवीत नाही, पण त्यांचे संगीतही विसरत नाही. लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये हेच केले होते. वडिलांचे सोवळ्याचे वेड, पतीचा तापट, विक्षिप्त स्वभाव, १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतल्यावर झालेली ताटातूट, हे सर्व त्या हसत सांगतात. टिळकांवरील प्रेम कुठेही उणे होत नाही.

याउलट, आपल्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकांतील कुळकथा पाहाव्यात. सारे आजोबा कष्टाळू, साऱ्या आजी प्रार्थनाशील. दारूने बुडालेला काका, इस्पितळात वर्षे काढलेली आत्या यांचा उल्लेखही नाही. संत मत्तयाने प्रभूच्या वंशावळीत तामार, राहाब आणि उरियाची पत्नी यांना स्थान दिले. आपली घराणी त्याहून सोवळी खासच नाहीत.

काळोख दाखविणारे प्रत्येक पुस्तक चांगले, असे आम्ही म्हणत नाही. भीती आणि किळस विकणारी पुस्तके पुष्कळ आहेत. ‘सायलेन्स’ही कोवळ्या वयाच्या हाती देऊ नये. लेखक पडलेल्या माणसाकडे कोणत्या नजरेने पाहतो, ही आमची कसोटी. तसेच मृतांचीही अब्रू असते. केवळ उखाळ्यापाखाळ्या काढणे हा आठव्या आज्ञेचा भंग होय. पण ज्या काकांचे नाव घरात कुणी घेत नाही, त्यांच्यासाठी मिस्साही कुणी सांगत नाही, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे.