आद्य झोपडी : एका कल्पनेचे परीक्षण

वास्तुकलेच्या ग्रंथांतील ज्या चित्रांनी सुशिक्षितांच्या मनावर दीर्घकाळ सत्ता गाजविली, त्यांत एका फ्रेंच निबंधाच्या मुखचित्राची गणना अवश्य करावी लागेल. मार्क-आंत्वान लोजिए या धर्मोपदेशकाने १७५३ साली आपला वास्तुकलेवरील निबंध निनावी प्रसिद्ध केला आणि १७५५ च्या दुसऱ्या आवृत्तीस शार्ल आयझेन याने काढलेले हे चित्र जोडण्यात आले. भग्न स्तंभांच्या अवशेषांवर रेलून बसलेली वास्तुदेवता जवळच्या बालकास समोरची एक झोपडी बोटाने दाखवीत आहे. झोपडी म्हणजे चौकोन साधून उभे असलेले चार वृक्ष, त्यांवर आडवी टाकलेली लाकडे व वर दोहों बाजूंस उतरते छप्पर. आदिमानवाचे घर म्हटले की आपल्याही डोळ्यांपुढे पुष्कळदा असेच काही उभे राहते. म्हणून या कल्पनेत सत्याचा अंश किती व रचनेचा किती, हे एकदा पारखून पाहणे अवश्य आहे.

लोजिएची कथा थोडक्यात अशी : उन्हाने त्रासलेला आदिमानव प्रथम वनाच्या छायेस जातो, पाऊस येताच गुहेत शिरतो, तेथील अंधार व कोंदट हवा असह्य होऊन बाहेर पडतो आणि चार भक्कम लाकडे उभी करून आपला निवारा आपणच रचतो. उभ्या लाकडापासून स्तंभ निघाला, आडव्यापासून तुळई आणि उतरत्या छपरापासून देवालयाचे त्रिकोणी शिखर. या तिहींखेरीज जे जे वास्तूत दिसते ते एक तर गरजेची सोय, नाही तर निव्वळ हौस.

या उपपत्तीचा गुण प्रथम मान्य केला पाहिजे. त्या काळची फ्रेंच अभिरुची वेलबुट्टी व नक्षी यांच्या भाराखाली वाकली होती. अशा वेळी कोणते अंग वास्तूचा भार वाहते व कोणते केवळ मिरवते, हा प्रश्न विचारण्याचे धैर्य लोजिएने दाखविले. टीकाकारास त्याने एक मापदंड दिला, आणि तो अद्यापि सर्वस्वी टाकाऊ झालेला नाही.

परंतु हा मापदंड तो इतिहास म्हणून पुढे करतो, तेथे त्याची वाट चुकते. त्याने आद्य घराचा शोध केलाच नाही. ग्रीक देवालय घेतले, त्यावरील अलंकार एकेक उतरविले, आणि अखेर जो सांगाडा उरला त्यास आदिमानवाचे घर असे नाव दिले. मग त्या घरापासून ग्रीक देवालय सिद्ध झाले यात नवल ते काय? जे गृहीत धरले तेच निष्कर्ष म्हणून हाती आले. त्याच्यापूर्वी सुमारे अठरा शतके रोमन ग्रंथकार व्हित्रूव्हियस याने हाच विषय अधिक उदारपणे हाताळला होता. त्याच्या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडात कोणी पानाफांद्यांचे आडोसे करतात, कोणी डोंगर पोखरतात, तर कोणी पाकोळ्यांची घरटी पाहून माती व काटक्या यांनी भिंती लिंपतात. मुख्य म्हणजे त्याची माणसे आधी अग्नीभोवती जमतात, एकमेकांशी बोलू लागतात व मग घरे बांधतात. लोजिएचा आदिमानव मात्र एकटा आहे. त्यास बायको नाही, मूल नाही, शेजारी नाही. आणि त्याच्या घरात चूलही नाही.

आता भूमीने दिलेली साक्ष पाहू. झांबियातील कलांबो धबधब्याजवळ सापडलेल्या दोन ओंडक्यांचा वृत्तान्त २०२३ साली प्रसिद्ध झाला. एकात खाच पाडून तो दुसऱ्यावर आडवा बसविलेला आहे आणि त्यांचे वय सुमारे ४,७६,००० वर्षे ठरले आहे. म्हणजे आपली मानवजात अवतरण्यापूर्वीच कोणा पूर्वजास लाकडाचा सांधा साधला होता. ती रचना ओल्या जमिनीवरील मचाण असेल किंवा पायवाट असेल; तीस घर म्हणण्याची घाई मात्र संशोधकांनी केलेली नाही. गालील सरोवराचे पाणी १९८९ साली ओसरले, तेव्हा त्याच्या काठी ओहालो येथे सुमारे २३,००० वर्षांपूर्वीच्या सहा जळालेल्या झोपड्यांच्या खुणा उघड्या पडल्या. त्या फांद्यापाल्याच्या आहेत. पण त्यांचा आकार लंबगोल आहे, चौकोनी नव्हे. एका झोपडीत तर निजण्यासाठी पसरलेल्या गवताचे थरही ओळखता आले. युक्रेनमधील मेझिरिच येथे १९६५ साली एका शेतकऱ्यास तळघर खणताना मॅमथ या केसाळ महागजाचा जबडा लागला व पुढे अशा हाडांनीच रचलेली चार घरे उजेडात आली. त्या हिमयुगीन माळावर मोठी झाडे दुर्मिळ होती. तेव्हा तेथील माणसाने जबड्यावर जबडा रचून भिंत केली. निसर्ग सर्वत्र चार वृक्षच पुढे करतो, हा लोजिएचा भरवसा येथे ढासळतो.

तथापि उत्खननाच्या नावाखाली येणारे प्रत्येक चित्रही डोळे मिटून स्वीकारावे असे नाही. फ्रान्समधील नीस शहरात तेरा आमाता येथे १९६६ साली आंरी द लुम्ले यांनी उत्खनन केले आणि सुमारे चार लक्ष वर्षांपूर्वीच्या लंबगोल झोपड्या तेथे होत्या असे प्रतिपादिले. त्यांची रेखाचित्रे कित्येक पाठ्यपुस्तकांत गेली. पुढे पाओला व्हिला यांनी तेथील दगडी कपच्या एकमेकींस जुळवून पाहिल्या. एकाच दगडाचे तुकडे निरनिराळ्या थरांत विखुरलेले आढळले, आणि स्वतंत्र मानलेल्या त्या थरांवरचा विश्वास १९८३ च्या त्यांच्या ग्रंथाने डळमळीत केला. सुबक चित्र पुढे आले की शंका निजते. हा दोष केवळ अठराव्या शतकाचा नव्हे.

आपल्याकडील साक्ष याहून मार्मिक आहे. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. हसमुख सांकलिया, मधुकर ढवळीकर व झैनुद्दीन अन्सारी ही त्या कार्यातील प्रमुख नावे होत. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० पर्यंत नांदलेली ही शेतकऱ्यांची वस्ती. तिच्या खालच्या थरांत प्रशस्त चौकोनी घरे आहेत, ठेंगण्या मातीच्या भिंती व लाकडी खांब आहेत. सर्वांत वरच्या, म्हणजे शेवटच्या थरांत मात्र लहान गोल झोपड्यांचे पुंजके आढळतात. गोल झोपडी आधी, चौकोनी घर नंतर, अशी जी प्रगतीची शिडी आपण गृहीत धरतो, ती येथे उलटी उभी आहे. पाऊस कमी झाला, शेती खालावली व लोक पुन्हा गुरांमागे फिरू लागले, असा अर्थ ढवळीकरांनी लाविला. कारणाविषयी मतभेद होऊ शकेल. थरांचा क्रम मात्र नाकारता येणार नाही. गोल झोपडीत राहणारा मनुष्य मागासच असला पाहिजे असे मानणाऱ्याने येथे थांबून विचार करावा. त्याच्या आजोबापणजोबांस चौकोनी घर ठाऊक होते. बदलली ती परिस्थिती, बुद्धी नव्हे. आजही पालांत व झोपड्यांत राहणाऱ्यांस आपण सहज भूतकाळाचे अवशेष समजतो. त्या समजुतीचे मूळही याच शिडीत आहे.

इनामगावच्या घरांत आणखी एक गोष्ट आढळली. मरण पावलेली लहान मुले दोन कलश तोंडास तोंड लावून त्यांत ठेवीत व ते कलश राहत्या घराच्या जमिनीखाली पुरीत. ज्या जमिनीवर आई स्वयंपाक करी, तिच्याच खाली तिचे मूल निजलेले असे. स्तंभ, तुळई व शिखर यांच्या हिशेबात ही गोष्ट कोठे बसवावी?

जोसेफ रिक्वर्ट यांनी १९७२ च्या आपल्या ग्रंथात दाखविले आहे की, आद्य घराचा शोध घेणारे बहुधा आपल्या काळची वास्तू सुधारू पाहणारे असतात. लोजिएस हे वर्णन तंतोतंत लागू पडते. त्याचा निबंध स्वकालीन अभिरुचीवरील टीका म्हणून वाचावा. त्या दृष्टीने तो आजही वाचनीय आहे. आदिमानवाच्या घराची माहिती ज्यास हवी, त्याने मुखचित्रातील देवतेच्या बोटाकडे न पाहता राख, गवत, हाडे व कलश जेथे सापडले त्या जमिनीकडे पाहावे.