‘तालुकदार’ : इंग्रजी कोशांतील अर्थ व नांदेड-लातूरकडील कागद

निजामी अमलांतील मोडी कागद छापतांना कठीण शब्दांवर टीपा देण्याचा प्रघात स्तुत्य आहे. परंतु त्या टीपा इंग्रजी कोशांतून जशाच्या तशा उचलल्यास कागदाचा अर्थच उलटा होतो. ‘तालुकदार’ हा शब्द याचें ठळक उदाहरण होय.

अरबी ‘तअल्लुक’ म्हणजे संबंध, आणि फारसी ‘दार’ म्हणजे धारण करणारा. इंग्रजीनें हा शब्द आपलासा केला तो मुख्यतः उत्तरेकडील अर्थानें. अयोध्या प्रांतांत १८५९ सालीं ज्यांस सनदा मिळाल्या ते तालुकदार मोठे जमीनदार होते. मुंबई इलाख्यांतहि गुजराथच्या तालुकदारांसाठीं १८८८ चा स्वतंत्र कायदा झाला, तेहि भूमिधारकच. त्यामुळें तालुकदार म्हणजे जमीनदार हें समीकरण इंग्रजी वाचकाच्या मनांत दृढ झालें. महसुली शब्दांसाठीं विल्सनचा कोश प्रमाण मानण्याची चाल आहे. पण तो १८५५ चा, आणि पहिल्या सालारजंगांची जिल्हाबंदी १८६५ ची. जी व्यवस्था दहा वर्षांनीं निर्माण व्हावयाची, तिचा अर्थ त्या कोशांत कोठून सांपडणार? दोष कोशकाराचा नव्हे. त्यास अवेळीं साक्षीला बोलावणाराचा आहे.

जिल्हाबंदीपूर्वीं हैदराबादेंत तालुकदार हा बहुधा वसुलाचा मक्तेदार असे. पुढें तोच शब्द पगारी अधिकाऱ्यास लागला. अव्वल तालुकदार जिल्ह्याचा मुख्य, म्हणजे इंग्रजी मुलुखांतील कलेक्टर. त्याच्या हाताखालीं दुय्यम व सोयम तालुकदार. मौज ही कीं, तालुक्यावर मात्र तहसीलदार असे! पुण्याकडील वाचक येथेंच दुसऱ्या बाजूनें घसरतो व तालुकदाराचा मामलेदार करतो. मीमांसकांनीं योगापेक्षां रूढि बलवत्तर मानिली आहे, ती अशाच प्रसंगीं उपयोगी पडते.

हा केवळ शब्दच्छल नव्हे. कंधार किंवा बिलोलीकडील एखाद्या देशमुखानें वतनाविषयीं अव्वल तालुकदारास अर्ज केला आहे, असें समजा. टीपेंत ‘जमीनदार’ छापलें कीं सरकारदरबारीं हक्क सांगणारा वतनदार एका क्षणांत परक्याचें कूळ ठरतो, आणि पुढचे लेखक त्यावरच घराण्याचा इतिहास रचतात.

लातूरच्या बाजूस आणखी गुंतागुंत आहे. शेजारचा नळदुर्ग (पुढें धाराशिव) जिल्हा १८५३ पासून १८६० पर्यंत इंग्रजांकडे होता, व आरंभीं मेडोज टेलर तेथें डेप्युटी कमिशनर होता. त्या सात वर्षांतील कागदांस हैदराबादी अर्थ लावूं नये. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके १९५६ पूर्वीं बिदर जिल्ह्यांत होते. लातूर जिल्हा झाला तो १९८२ सालीं. तेव्हां उदगीरच्या अर्जांतला अव्वल तालुकदार लातुरांत शोधणें व्यर्थ होय.

टीप देण्यापूर्वीं कागदाचा सन पाहावा. हैदराबादी फसलींत ५९० (जानेवारीपासून पुढें ५९१) मिळविले कीं इसवी सन येतो. कागद फसली १२७५ च्या पुढचा असल्यास अव्वल, दुय्यम, सोयम हीं विशेषणें नकलेंत जपून उतरावीं; नकलकार नेमकीं तींच निरर्थक समजून गाळतो.