इम्प्लांटभोवतीचा जंतुदोष : शस्त्रक्रियेतील जंतुनाशकाची परीक्षा

भाईंदरच्या खाडीकाठची मिठागरे आणि दंतवैद्यकातील शोधनिबंध यांचा संबंध वरवर पाहता दूरान्वयानेही जुळत नाही. तथापि इम्प्लांटभोवती हाड झिजविणाऱ्या जंतुदोषाची, म्हणजे पेरिइम्प्लांटायटिसची, चर्चा ज्या प्रश्नापाशी येऊन थबकली आहे, तो मिठाच्या पाण्याचाच आहे. हिरडी उघडून टिटॅनियमचा स्क्रू खरवडल्यानंतर तो क्लोरहेक्सिडीनने धुवावा, की साधे सलाइन पुरेसे आहे ?

क्लोरहेक्सिडीनची प्रतिष्ठा मुखधावनात कमावलेली आहे. १९७० मध्ये लो व श्योट यांनी ०.२ टक्के द्रावणाच्या दिवसातून दोन चुळांनी दातांवर जीवाणूंचा थर धरत नाही, असे दाखविले. ही प्रतिष्ठा पुढे उघड्या जखमेत जशीच्या तशी नेण्यात आली. येथेच विचाराची पहिली चूक होते. नित्य चूळ भरल्याने थर बसत नाही. शस्त्रक्रियेत मात्र खडबडीत धातूवर मुरलेला थर काही मिनिटांच्या एका धुण्याने घालवावयाचा असतो. द्रव्य एकच असले, तरी कार्ये दोन आहेत.

ग्रोनिंगेन येथील डी वाल व त्यांचे सहकारी यांचा २०१३ चा प्रयोग या दृष्टीने उद्बोधक आहे. तीस रुग्णांच्या ७९ इम्प्लांटांपैकी काही ०.१२ टक्के क्लोरहेक्सिडीन व ०.०५ टक्के सेटिलपिरिडिनियम क्लोराइडच्या मिश्रणाने, तर उरलेले या औषधांवाचूनच्या द्रावणाने धुण्यात आले. जंतुनाशकाने विनॉक्सी जीवाणू तत्काळ अधिक घटले; रुग्णाच्या हिरडीची व हाडाची स्थिती मात्र अधिक सुधारली नाही. २०१५ मध्ये त्याच गटाने क्लोरहेक्सिडीनचे प्रमाण २ टक्क्यांपर्यंत वाढवून पाहिले, तेव्हाही फरक आढळला नाही. एवढ्या अल्प रुग्णसंख्येत फरक न आढळणे म्हणजे फरक नसल्याचा पुरावा नव्हे, हा आक्षेप येथे रास्त आहे.

त्या आक्षेपाचे बरेचसे निरसन स्वीडनमधील कार्कुअक व सहकारी यांच्या २०१६ च्या निबंधाने होते. शंभर रुग्ण, १७९ इम्प्लांट, आणि प्रतिजैविक व जंतुनाशक यांच्या असण्या-नसण्यावरून पाडलेले चार गट, अशी त्याची मांडणी आहे. वर्षाअखेर ४५ टक्के इम्प्लांटांत उपचार यशस्वी ठरला. क्लोरहेक्सिडीनचा एकूण निष्पत्तीवर परिणाम झाला नाही. त्याहून बोलका आकडा वेगळाच आहे : प्रक्रिया न केलेल्या पृष्ठभागांवर यश ७९ टक्के, प्रक्रिया करून खडबडीत केलेल्यांवर ३४ टक्के. पृष्ठभागाची वाटणी चिठ्ठ्या टाकून झालेली नव्हती, म्हणून येथे कार्यकारणसंबंध ठामपणे सांगता येत नाही. तरीही इतकी मोठी तफावत बाटलीतल्या द्रावणाच्या वादात झाकून जावी, हे नवलच. प्रतिजैविकांचा लाभही केवळ प्रक्रिया केलेल्या पृष्ठभागांपुरता व पहिल्या वर्षापुरताच टिकला, असे २०१७ च्या त्रैवार्षिक पाहणीत दिसले.

‘लाभ नसेना, हानी तरी काय ?’ असा युक्तिवाद चिकित्सालयांत ऐकू येतो. तो निर्धास्तपणे मान्य करता येत नाही. कोत्साकिस व सहकारी यांनी २०१६ मध्ये प्रयोगशाळेत दाखविले, की क्लोरहेक्सिडीन टिटॅनियमला चिकटून राहते आणि तेथे पेशींची वाढ रोखते. प्रयोगशाळेतील निष्कर्ष मुखात तंतोतंत उतरतोच असे नाही. परंतु ज्या पृष्ठभागावर नवे हाड धरावे अशी अपेक्षा आहे, त्याबाबत सावधगिरी अस्थानी नाही.

मीरा-भाईंदर महानगरपालिकेच्या क्षेत्रात २०११ च्या जनगणनेनुसार आठ लाखांहून अधिक वस्ती होती. यांतील कित्येकांचे आयुष्य पश्चिम रेल्वेच्या लोकलच्या वेळापत्रकाला बांधलेले. अशा रुग्णाने इम्प्लांट नोकरीच्या ठिकाणाजवळ बसवून घ्यावा आणि सूज आल्यावर घराजवळच्या दंतवैद्याकडे जावे, हे स्वाभाविक आहे. त्या दंतवैद्याला कोणते जंतुनाशक वापरावे यापेक्षा आधी हे कळावयास हवे, की समोरचा स्क्रू कोणत्या कंपनीचा आहे व त्याचा पृष्ठभाग कोणत्या जातीचा. ही माहिती पहिल्या शस्त्रक्रियेच्या दिवशीच रुग्णाच्या हाती लेखी पडली पाहिजे. पाच वर्षांनी क्ष-किरणचित्रावरून तिचा अंदाजच बांधावा लागतो.