गोडाऊन आणि वेअरहाऊस

भिवंडीजवळच्या काल्हेर, माणकोली, पूर्णा या गांवांवरून जातांना रस्त्याच्या दोन्ही अंगांस मालाच्या कोठारांच्या रांगा लागतात. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर म्हणून येथें आलेलीं हीं कोठारें २०१७ सालीं ती जकात उठल्यावरही हललीं नाहींत, उलट वाढलीं. जुन्या, पत्र्याच्या इमारतीस लोक ‘गोडाऊन’ म्हणतात. नव्या, उंच छपराच्या इमारतीस ‘वेअरहाऊस’. त्यावरून पहिला शब्द ओबडधोबड व दुसरा सुधारलेला, असा समज शिकलेल्या घरांतही रूढ होत आहे. आम्हांस तो मान्य नाहीं.

‘गोडाऊन’ हा मुळांत इंग्रजी शब्दच नव्हे. यूल व बर्नेल यांच्या १८८६ सालच्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशांत त्याचा माग मलयी भाषेंतून थेट तेलुगु-तमिळ शब्दांपर्यंत काढिला आहे. इंग्रजांच्या कानांनीं त्याचें ‘गो-डाऊन’ केलें, म्हणून तो खालीं उतरण्याच्या तळघराचा वाचक ठरत नाहीं. आमचें ‘गुदाम’ याच कुळांतलें. ‘वेअरहाऊस’ मात्र अस्सल इंग्रजी. ‘वेअर’ म्हणजे विकाऊ माल, त्याचें घर.

जागा या अर्थानें दोहोंत फारसें अंतर नाहीं. खरें अंतर व्यवहाराचें आहे. वखारींविषयींच्या २००७ सालच्या केंद्रीय कायद्याप्रमाणें वखारवाला दुसऱ्याचा माल आपल्या ताब्यांत घेतो, त्याची जबाबदारी पत्करतो व पावती देतो. नोंदलेल्या वखारीची ही पावती तारण ठेवून कर्ज काढतां येतें. हातबदल होणारी असल्यास ती दुसऱ्याच्या नांवें करून मालही विकतां येतो. यंत्रमागाचा मालक आपलेच तागे आपल्याच जागेंत रचीत असेल, तर छप्पर कितीही उंच असो, आम्ही त्या जागेस गोडाऊनच म्हणूं.

१९५७ सालीं स्थापन झालेल्या राज्य महामंडळास ‘वखार महामंडळ’ हें नांव देणाऱ्यांनीं हा भेद ओळखला होता, असें आम्हांस वाटतें. वखार म्हटली कीं आज पुष्कळांस लांकडाची वखारच आठवते, हा आक्षेप खरा आहे. पण सुरतेच्या वखारीची आठवण इतिहास वाचणाऱ्यांस अद्याप आहे.

भाषांतरकार मात्र दोन्ही शब्दांसाठीं सरसकट ‘गोदाम’ लिहून मोकळे होतात. सरकारी पत्रकांत ‘माल गोदामांत ठेवून कर्ज मिळवा’ असें वाचून एखादा शेतकरी आपलें भात शेजाऱ्याच्या पत्र्याच्या खोलींत रचील आणि कुलपाची किल्ली घेऊन बँकेंत जाईल. तेथें त्याच्याजवळ पावती मागतील.