सफरनाम्यावर फिरलेला दुसरा हात

आपल्या समाजात सफरनामे बरेच लिहिले जाऊ लागले आहेत. हजहून परतलेले निवृत्त शिक्षक, आखाती देशांत वीस-पंचवीस वर्षे राबून आलेले कोकणातले भाईबंद, उमरा आणि जियारत करून आलेल्या आपल्या खाला-फुफी, कुणी ना कुणी वही भरते. छापण्याआधी ती वही कुणीतरी ‘जरा नीट करून’ द्यावी लागते. हे काम बहुधा गावातल्या शिक्षकाच्या वाट्याला येते, तसे ते आमच्याही वाट्याला आले आहे. नीट करायचे म्हणजे नेमके काय करायचे, याचा विचार मात्र आपल्या साहित्यचर्चेत फारसा होत नाही. पुस्तक छापून आल्यावर मुखपृष्ठाची तारीफ होते आणि विषय संपतो.

या बाबतीतला सर्वांत मोठा दाखला इब्न बतूताचा आहे. तांजियरचा हा तरुण १३२५ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी हजला निघाला आणि हिंदुस्थान, मालदीव बेटे करत कुठल्या कुठे गेला. आफ्रिकेतल्या माली मुलखाचा शेवटचा प्रवास करून १३५४ मध्ये तो परतला. मोरोक्कोचा सुलतान अबू इनान याच्या हुकुमावरून त्याने आपली हकीकत तोंडी सांगितली आणि ग्रनाडाचा (उर्दूत आपण गरनाता म्हणतो) अदीब इब्न जुजय याने ती लिहून घेतली. डिसेंबर १३५५ मध्ये सांगणे संपले आणि काही आठवड्यांत इब्न जुजयने संपादन उरकले. म्हणजे आज आपण ‘रिहला’ म्हणून वाचतो ते पाय एकाचे आणि लेखणी दुसऱ्याची असे पुस्तक आहे.

इब्न जुजय प्रामाणिक होता. प्रस्तावनेत तो सांगतो की, सांगणाऱ्याचा आशय आपण आपल्या शब्दांत मांडला, पुष्कळ ठिकाणी त्याचेच शब्द ठेवले, पण हकीकतीच्या खरेखोटेपणाची छाननी केली नाही. मध्येच स्वतःची माहिती किंवा शेर घालायचा झाला तर तो ‘इब्न जुजय म्हणतो’ असे लिहून घालतो. आजच्या किती संपादकांना हे सुचते?

पण याच पुस्तकात दुसरी गोष्टही घडली. मक्का, मदिना आणि दमिश्क यांच्या वर्णनाचा मोठा भाग इब्न जुबैर या अंदलुसी मुसाफिराच्या सफरनाम्यातून उचललेला आहे. (नावे जवळजवळ सारखी आहेत, वाचकांनी गोंधळू नये.) इब्न जुबैरचा प्रवास ११८३ ते ११८५ मधला आणि इब्न बतूता मक्केत पोहोचला १३२६ मध्ये. म्हणजे सुमारे १४० वर्षांपूर्वीच्या डोळ्यांनी पाहिलेले शहर आपण इब्न बतूताचे म्हणून वाचतो. त्या काळी अशी उसनवारी चोरी मानली जात नसे, हे आम्हाला ठाऊक आहे. एकोणतीस वर्षांपूर्वी पाहिलेल्या मशिदीचे खांब कुणाला आठवणार, हेही खरे. तरीही वाचक म्हणून आमची तक्रार राहतेच. ज्या शहरासाठी तो घरातून निघाला, त्याच शहरात त्याचा स्वतःचा आवाज सर्वांत क्षीण ऐकू येतो.

याउलट ट्युनिसचा प्रसंग घ्या. काफिला शहरात शिरतो, लोक पुढे येऊन आपापल्या ओळखीच्यांना सलाम करतात, या परक्या पोराला कुणी विचारत नाही आणि त्याला रडू कोसळते. मग एक हाजी जवळ येऊन त्याला धीर देतो. हे कुठल्याही जुन्या ग्रंथातून उचलता आले नसते. आपल्या दौलताबादेचेच पाहा. किल्ल्यातली कैद्यांची अंधारी जागा आणि तिथले मांजरापेक्षा मोठे उंदीर, गाणाऱ्या-नाचणाऱ्यांचा तरबाबाद नावाचा बाजार, डाळिंबे आणि द्राक्षे. मजकूर थोडा आहे, पण आम्हाला तो दमिश्कच्या लांबलचक वर्णनापेक्षा मोलाचा वाटतो.

आता आपल्या वह्यांकडे येऊ. मुंबईहून जिद्द्याला जाणारी हजची जहाजे १९९५ मध्ये बंद झाली. ज्यांनी त्या जहाजांतून प्रवास केला ते लोक आता थकले आहेत, पुष्कळ जण अल्लाहला प्यारे झाले. अशा वहीत जहाजातली मळमळ, पाण्याची रांग, शेजारच्या बिछान्यावरच्या अनोळखी माणसाशी झालेली दोस्ती यांची पाने असतात. शिकलासवरला भाचा संपादनाला बसला की पहिली कात्री याच पानांना लागते, कारण ती ‘घरगुती’ वाटतात. त्या जागी काबागृहाचा इतिहास आणि हजचे अरकान येतात, जे कुठल्याही किताबाच्या दुकानात तयार मिळतात. भाषेचेही तसेच. ‘चाचांनी हाक मारली’ या वाक्याचे ‘ज्येष्ठ सहप्रवाशांनी संबोधित केले’ होते आणि चाचा पुस्तकातून उतरून जातात. प्रमाण मराठीचा न्यूनगंड आपल्या मनात खोल बसला आहे. आम्ही उर्दू माध्यमाची माणसे तर त्या बाबतीत जास्तच हळवी.

छाटणीच करू नये असे आम्ही म्हणत नाही. तीच दुआ सात ठिकाणी आली असेल तर सहा ठिकाणची काढावी. तारखांचा घोळ असेल तर लेखकाला समोर बसवून विचारावे. इब्न जुजयने तेवढे केले असते तर व्होल्गाकाठच्या बुल्गारची सफर, जी दिलेल्या दिवसांत होणे शक्यच नाही असे अभ्यासक म्हणतात, तिचा कोडा तेव्हाच सुटला असता.

मराठीतही असे उदाहरण आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणेच्या आशेने उत्तरेत गेले आणि १८५७ च्या धामधुमीत सापडले. झाशीचा वेढा त्यांनी आतून पाहिला. चिंतामण विनायक वैद्यांच्या आग्रहावरून त्यांनी पुढे आठवणी लिहिल्या आणि वैद्यांनी त्या १९०७ मध्ये ‘माझा प्रवास’ म्हणून छापल्या, पण भाषा बदलून आणि मजकुरात फेरफार करून. वैद्य नसते तर ते पुस्तक लिहिलेच गेले नसते, हे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. मात्र गोडसे भटजींची मूळ वही रद्दीत गेली नाही. ती पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात राहिली आणि १९६६ मध्ये दत्तो वामन पोतदारांनी ती जशी होती तशी प्रसिद्ध केली. आज दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून कोणता शब्द भटजींचा आणि कोणता वैद्यांचा, हे शाळकरी पोरालाही दाखवता येते.

इब्न बतूताच्या बाबतीत ती सोय राहिली नाही. बुखाऱ्यात त्याने आलिमांच्या कबरींवरचे लेख उतरवून घेतले होते. हिंदी समुद्रात लुटारूंनी त्याचे सारे सामान नेले, त्यात ते कागदही गेले.