हौशी पानांची नगरी

कोणताही नवा प्रकार वाङ्मयाच्या उंबरठ्याशी आला, की त्याला आत घ्यावयाचे किंवा नाही हा वाद टीकाकारांत सुरू होतो. तो कादंबरीला चुकला नाही, लघुनिबंधाला चुकला नाही, नभोनाट्यालाही चुकला नाही. प्रस्तुत लेखात ज्या प्रकाराचा विचार करावयाचा आहे, त्याची अडचण या सर्वांहून निराळी आहे. त्याला ग्रंथ नाही, रंगमंच नाही आणि खेळणाऱ्यांखेरीज दुसरा प्रेक्षकही नाही. पाचसहा माणसे पटाभोवती बसतात. एक सूत्रधार प्रसंग सांगतो. बाकीचे आपापल्या पात्राच्या मुखाने बोलतात. संशयाच्या जागी फासे पडतात आणि पडलेल्या दानाप्रमाणे कथा पुढे सरकते. ती एका बैठकीत संपत नाही, महिनोन्महिने चालते. या दीर्घ कथेला खेळणारे 'मोहीम' म्हणतात. खेळाच्या या जातीला आपण भूमिकाखेळ म्हणू.

अमेरिकेत १९७४ साली गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांच्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'ने या खेळाला छापील रूप दिले. त्याच्या नियमांची चर्चा येथे करावयाची नाही. आमच्यापुढील प्रश्न मर्यादित, परंतु साहित्यविचाराच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. मोहिमेची सामग्री सूत्रधाराने हौशी नियतकालिकांतून वेचली असेल, तर त्या वेचण्याला व जोडण्याला निर्मिती म्हणावे काय? म्हणावे, असे आमचे मत आहे. मात्र काही अटींवर. त्या अटी बेळगाव-निपाणीच्या सीमाभागात विशेष स्पष्ट दिसतात, असेही आम्हांस वाटते.

प्रथम या खेळाच्या मूळ भूमीतील हौशी लेखनाचे स्वरूप पाहू. १९७५ साली ली गोल्ड या बाईंनी लॉस एंजलिसमध्ये 'अलारम्स अँड एक्स्कर्शन्स' नावाचे नियतकालिक सुरू केले व ते सुमारे अर्धशतक चालवले. त्याची रीत मोठी लोभस होती. प्रत्येक सहभागी लेखक आपली पाने स्वतः लिही, दुसऱ्याच्या पानांवर अभिप्राय देई, आपल्या मोहिमेची हकिगत कळवी. ही सर्व पाने एकत्र बांधली, की अंक तयार होई. संपादकाचा संस्कार कमी, वाचक व लेखक यांतील भेद जवळजवळ नाहीसा. इंग्लंडात १९७७ पासून निघालेल्या 'व्हाइट ड्वार्फ'मध्ये वाचकांनी कल्पिलेल्या विचित्र प्राण्यांचे एक सदर असे. त्या सदरातील पुष्कळ प्राणी १९८१ साली 'फीन्ड फोलिओ' या ग्रंथात गेले. डॉन टर्नबुल यांनी तो संपादित केला आणि प्राण्यांच्या जनकांची नावेही त्यात दिली. तिसरे उदाहरण 'इमॅजिन' या मासिकाचे. त्याने १९८४ पासून 'पेलिनोर' नावाचे जग थोडेथोडे प्रसिद्ध केले. कधी त्यातील नगरीतले एखादे दुकान, कधी एखादे घर व त्यात राहणारी माणसे. १९८५ साली मासिक बंद पडले आणि नगरी अर्धवट राहिली.

ही अर्धवट नगरी आम्हांस फार उद्बोधक वाटते. समग्र वर्णिलेल्या नगरीत सूत्रधाराला करण्यासारखे काही उरत नाही. तो केवळ वाटाड्या होतो. अर्धवट नगरीत मात्र एका घरातून दुसऱ्या घरी जाणारी गल्ली त्याला स्वतः आखावी लागते. या घरातील विधवा त्या दुकानाच्या मालकाची कोण, हा प्रश्न मूळ लेखकाने सोडवलेला नसतो. सूत्रधाराची प्रतिभा या उत्तरात प्रकट होते.

येथे कोणी मर्ढेकरांची साक्ष काढून आक्षेप घेईल, की कलाकृतीत संवाद, विरोध व समतोल यांची लय असावी लागते. दहा जणांनी दहा हेतूंनी लिहिलेली पाने एकत्र आणून ती कशी साधणार? आक्षेप वजनदार आहे. परंतु सूत्रधाराच्या निवडीने जी पाने शेजारी येतात, त्यांत आधी नसलेला संवाद किंवा विरोध उत्पन्न होतो. कारुण्याचे एक पान व विनोदाचे एक पान यांना एकाच गल्लीत बसवले, की दोघांचाही अर्थ पालटतो. मराठीच्या आरंभकाळात म्हाइंभटांनी श्रीचक्रधरांच्या आठवणी ठिकठिकाणच्या भक्तांना भेटून गोळा केल्या आणि 'लीळाचरित्र' सिद्ध केले. त्या संकलनाला आपण मराठी गद्याचा मानबिंदू मानतो. संकलन निर्मितीहून हलके ठरवण्याचा अधिकार निदान मराठी माणसाला तरी नाही.

संहितेवाचून चालणाऱ्या कथेचेही आपणांस वावडे नसावे. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' सादर केले, तेव्हा पदे सूत्रधार म्हणे आणि पात्रे त्या अनुरोधाने आयत्या वेळी भाषणे करीत. देव, राक्षस, विदूषक यांची सोंगे ठरलेली. बोलणे मात्र त्या रात्रीचे. राक्षसांच्या आरोळ्यांवरून 'अललडुर्र'ची नाटके म्हणून पुढे त्यांची थट्टा झाली. १८६१ साली विनायक जनार्दन कीर्तने यांचे 'थोरले माधवराव पेशवे' आले, १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' रंगभूमीवर आले आणि लिहिलेल्या शब्दाचे राज्य स्थिर झाले. भाषेचा व संगीताचा लाभ मोठा झाला, यात शंका नाही. परंतु पात्राने आपल्या बुद्धीने बोलावे, ही मुभा त्याबरोबर गेली. भूमिकाखेळ ती मुभा परत मागतो. त्याचा सूत्रधार भाव्यांच्या सूत्रधाराचा दूरचा नातेवाईक आहे.

या इतिहासाचे सीमाभागाशी नाते आहे. भाव्यांच्या प्रयोगामागे कर्नाटकातून सांगलीस आलेल्या भागवत मंडळींच्या खेळांची प्रेरणा होती. किर्लोस्करांचा जन्म १८४३ सालचा, बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचा. मराठी रंगभूमीचे मुक्त रूप कानडी खेळ पाहून सुचले आणि तिला बांधीव रूप देणारा थोर नाटककार कानडी मुलखाच्या कुशीत वाढला. दोन भाषांच्या सांध्यावर वाङ्मयप्रकार जन्मास येतात, याला याहून निराळा पुरावा नको.

आता त्या भागातील सामग्रीकडे वळू. उचगाव, कडोली, येळ्ळूर, सांबरा, कारदगा अशा गावांतून मराठी साहित्य संमेलने भरत आली आहेत. गावाने मांडव घालावा, गावाने जेवण करावे आणि गावाने कविता ऐकाव्या, असा त्यांचा थाट. शाळांची हस्तलिखिते, वाचनालयांच्या स्मरणिका, स्थानिक दिवाळी अंक हे या जीवनाचे कागदी अंग. त्यांतील लेखन टीकाकार सहसा हाती घेत नाही. वाङ्मयीन कसाला लावले तर त्यातील बरेचसे उतरणारही नाही. निवृत्त शिक्षकाने बुजलेल्या विहिरीवर लिहिलेला लेख, विद्यार्थ्याने लिहिलेले तवंदी घाटाचे वर्णन, बाजारच्या दिवसाची हकिगत, आजीने सांगितलेली भुताची गोष्ट. भाषा कधी पाल्हाळिक, कधी पाठ्यपुस्तकी. पण विहिरीच्या लेखात विहिरीला किती पायऱ्या होत्या हे असते, पाणी कोणी भरावयाचे व कोणी नाही हे असते. मोठ्या लेखकाने ते गाळले असते. सूत्रधाराला नेमके तेच हवे असते.

ही सामग्री मांडावी कशी, याचा वस्तुपाठही याच भागात आहे. दिवाळीत बेळगावच्या गल्ल्यांतून मुले मातीचे किल्ले करतात व नगरवासी ते पाहत हिंडतात. जवळच येळ्ळूरचा राजहंसगड उभा असतो. तरी मुलांचा रायगड किंवा प्रतापगड अंगणात उठतोच. बुरुजावर हळीव पेरतात, मातीचे मावळे बसवतात, आणि पायथ्याशी घरात सापडेल ती मोटार व विमानही ठेवतात. इतिहासज्ञाला हा कालविपर्यास वाटेल. वस्तुतः मुलांनी एक नियम अचूक ओळखलेला असतो. हाताशी जे आहे त्यातून जग उभारावयाचे, पण राजाची जागा सिंहासनावर आणि पहारेकऱ्याची दरवाजावर, यात चूक करावयाची नाही. वस्तू कोठूनही येवो, तिचे स्थान ठरलेले असले पाहिजे. हौशी पानांतून मोहीम रचणाऱ्याला आम्ही दुसरा गुरू सुचवणार नाही.

समजा, निपाणीत काही मित्र अशी मोहीम रचू लागले. त्यांना राक्षस व जादूगार परदेशांतून आणण्याचे कारण नाही. पेशवाईच्या अखेरच्या काळातील सिद्धोजीराव निपाणकरांचे गाव, वेदगंगेचा परिसर, पुणे-बंगळूर हमरस्ता, तंबाखूच्या वखारी, धुळीत राबणाऱ्या बाया, घरोघरी सूप मांडीवर घेऊन चाललेले बिडी वळण्याचे काम, मराठी, कानडी व दखनी अशा तीन बोलींनी भरलेला बाजार, एवढ्यावर वर्षभराची मोहीम सहज चालेल. स्मरणिकेतील विहीर वखारीच्या मागे बसवावी. हस्तलिखितातील घाटातून रात्रीचा मालट्रक यावा. आजीचे भूत त्या ट्रकच्या चालकाला दिसावे. एवढी जोडणी झाली, की खेळणाऱ्यांनी विचारावे: वखारीचा मालक विहीर बुजवू का पाहतो? आणि येथे सूत्रधाराने गप्प राहावे. उत्तर मुळातील तीनही लेखांत नाही. ते पटाभोवतीच्या माणसांनी शोधावयाचे आहे.

आमच्या अटी यावरून ध्यानी येतील. पहिली निवडीची. सर्व अंक ओतून मोहीम होत नाही. शंभर पानांतील सात पाने घ्यावी आणि त्र्याण्णव आदराने परत ठेवावी. दुसरी सांध्याची. दोन पानांमधील दुवा त्या पानांतील तपशिलांतूनच निघावा. वरून चिकटवलेला गुप्त शत्रू हा आळशी सूत्रधाराचा आश्रय होय. तिसरी अट मोकळ्या जागेची, आणि सीमाभागात हीच सर्वांत कठीण आहे.

कारण तेथील प्रत्येक मोकळी जागा भरण्यास घोषणा तयार असते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि हा मुलूख तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला. तेव्हापासूनचे दुःख, तुरुंगवास, हौतात्म्य हे सर्व खरे आहे. त्याविषयी येथील मराठी माणसाची निष्ठा आम्हांस वंदनीय वाटते. परंतु निष्ठा म्हणून जे भूषण, ते कथारचनेत दूषण होऊ शकते. सूत्रधाराने खलपुरुषाची भाषा आधीच ठरवली, तर फासे टाकावयाचे कशाला? स्मरणिकांतील उत्तम लेखनही बहुधा याच ठिकाणी अडखळते. लेखक विहिरीविषयी सुंदर लिहितो आणि शेवटच्या परिच्छेदात विहीर सोडून भाषण करतो.

भूमिकाखेळाचे सामर्थ्य याच्या उलट दिशेस आहे. तेथे येळ्ळूरच्या मराठी तरुणाला कानडी शाळामास्तर व्हावे लागते. मास्तर म्हणून त्याला भूक लागते, भय वाटते, मुलीच्या लग्नाची काळजी पडते. कादंबरी वाचून दुसऱ्याविषयी सहानुभूती उपजते हे खरे, तथापि वाचकाला दुसऱ्याच्या वतीने निर्णय घ्यावा लागत नाही. खेळणाऱ्याला तो घ्यावा लागतो, आणि दान उलटे पडले तर त्याचे फळही भोगावे लागते. यात स्वतःचा पक्ष सोडण्याचा प्रश्न नाही. आपल्या पक्षाचे बळ किती व हट्ट किती, हे कळण्याची ती एक वाट आहे.

मर्यादा कोठे घालावी, हाही प्रश्न सुटत नाही. १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली निपाणीस तंबाखू उत्पादकांचे मोठे आंदोलन झाले. शेतकरी हमरस्त्यावर बसले. एप्रिलमध्ये गोळीबार झाला व शेतकऱ्यांचे प्राण गेले. हा प्रसंग पटावर आणावा काय? ज्या घरांतून माणूस गेला ती घरे आज त्याच गावात आहेत. आमचे मत असे, की गोळीबाराचा दिवस फाशांवर सोडू नये. मृत्यू दानावर ठरवण्याइतका तो अद्याप जुना झालेला नाही. परंतु त्यापूर्वीच्या दिवसांत रस्त्यावर बसलेल्या शेतकऱ्याला भाकरी कोण पोहोचवी, वखारीत रोजावर जाणाऱ्या बाईच्या मनात काय चालले होते, व्यापाऱ्याच्या ओटीवर कोणता हिशेब होत होता, हे जरूर खेळावे. तंबाखूचा भाव वाढला तर बाईची मजुरी वाढेल काय, हा प्रश्न त्या काळच्या भाषणांहून पटावर अधिक धारदार होईल.

शेवटची अट ऋणाची आहे. हौशी लेखकाला मानधन नसते, पुष्कळदा कीर्तीही नसते. त्याच्याजवळ केवळ नाव असते. 'फीन्ड फोलिओ'ने ते राखले. आपल्याकडील सूत्रधारानेही आपल्या वहीत, कोणते पान कोणाचे हे लिहून ठेवावे. शाहिरांचे व कीर्तनकारांचे बाड असते, तसे सूत्रधाराचे बाड असावे: डावीकडे वेचलेले पान, उजवीकडे त्याचे खेळात काय झाले त्याची नोंद. खेळातील वाणी त्या रात्रीच विरते. बाड राहते, आणि टीकाकाराला हात घालण्यास तेवढीच वस्तू उरते. उजव्या बाजूची नोंद डावीकडील पानापासून किती दूर गेली व तरी त्याच्याशी किती प्रामाणिक राहिली, हे मोजता येईल. आणि जे मोजता येते, त्याविषयी टीकाशास्त्राने मौन धरण्याचे कारण नाही.

अशी बाडे सीमाभागात लिहिली जावोत, अशी आमची इच्छा आहे. तेथील ग्रामीण स्मरणिका आज कपाटात धूळ खात आहेत; त्यांना वाचक मिळवून देण्याचे आमचे उपाय, म्हणजे परीक्षणे, सूची व सत्कार, फारसे फळलेले नाहीत. एखाद्या रात्री चार तरुणांनी त्या विहिरीच्या पायऱ्या मोजल्या आणि पाचव्याने पुढची पायरी निसरडी असल्याचे सांगितले, तर त्या निवृत्त शिक्षकाचे लेखन खऱ्या अर्थाने वाचले गेले, असे आम्ही समजू.